डबरीवरचं घर

‘जुनं घर घेतलं म्हणजे त्याच्या भेगाही घेतल्या, आता बोलून काय उपयोग?’ रायपूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात ज्याला विचारलं त्यानं हेच ऐकवलं. ऑफिसातली मैत्रीण मात्र ठामपणे म्हणाली, ‘रेरात जा, पाच वर्षांची हमी असते.’ दोन्ही उत्तरं ऐकून मी निमूटपणे मान डोलावली, कारण तिसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घर अभनपूरला घेतलं होतं. रायपूर-धमतरी रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव, इथूनच राजिमचा फाटा फुटतो. माझी नोकरी नवा रायपुरात. मार्च २०२५ च्या अखेरीस मंदिर हसौदमार्गे रायपूर-अभनपूर मेमू सुरू झाली आणि बाबाही राजी झाले. मालकानं स्वतःसाठी बांधलेलं एकमजली घर, मागे परसदार, भिंतींना ताजा डिस्टेंपर. कागद आम्ही कसून तपासले. भारतमालेच्या रायपूर-विशाखापट्टणम मार्गासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यातल्या घोटाळ्याची चौकशी लागल्यापासून इथे जमिनीचा कागद कोणी डोळे झाकून घेत नाही. ‘भुइयां’ या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर बी-१ पाहिला, खसरा पाहिला, पटवाऱ्याला भेटलो. नाव स्वच्छ, बोजा नाही. रजिस्ट्री झाली.

पहिला पावसाळा बरा गेला. पाणी ओसरून जमीन वाळायला लागली तशी मागच्या खोलीची भिंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडकली. भेग वरच्या बाजूला रुंद होत गेली. इंजिनिअरनं तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहिली. थोड्याच दिवसांत पट्ट्या तुटल्या, म्हणजे भिंत अजून हलतेय. इथला शेतकरी जमीन भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी ओळखतो. भाठा लाल, मुरमाड. कन्हार काळी, चिकण, पाण्यानं फुगणारी आणि वाळली की आकसणारी. आमचं घर कन्हारवर होतं. पण तेवढ्यानं एकच कोपरा का खचावा, हे इंजिनिअरलाही उमगेना.

ते सांगितलं शेजारच्या दाईनं, भाजी निवडता निवडता. ‘इहाँ तो पहिली डबरी रिहिस बेटी, पाट के घर बनाइस.’ घराचा मागचा कोपरा बुजवलेल्या तळ्यावर उभा होता, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

वकीलकाका आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतले ओळखीचे. त्यांनी आधी रेराचा विषय मिटवला. २०१६ च्या त्या स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) कायद्याच्या कलम १४ मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायची जबाबदारी आहे खरी, पण ती प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची. स्वतःचं राहतं घर विकणारा माणूस प्रवर्तक नव्हे. मैत्रिणीचा फ्लॅट बिल्डरच्या योजनेतला, म्हणून तिचं तिच्यापुरतं बरोबर होतं. असा फ्लॅट त्या पाच वर्षांत दुसऱ्यानं विकत घेतला तर तोही बिल्डरकडे दाद मागू शकतो, कारण कायद्यानं नंतरच्या खरेदीदारालाही तीच जागा दिली आहे. ग्राहक आयोगाचंही दार बंद. नुसत्या घरविक्रीत ‘सेवा’ कुठली?

‘मग आमच्यासाठी कायदाच नाही का?’

‘आहे की. १८८२ चा.’

मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याचं नाव ऐकून माझा धीर खचला. पण मजकूर वाचला तर थेट माझ्याच भिंतीबद्दल लिहिल्यासारखा: मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला नसेल आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक. दिसणाऱ्या दोषाबद्दल मात्र त्याची काही जबाबदारी नाही; गळकं छत बघून घेतलं तर ते तुमचं.

मला हायसं वाटलं, आणि काकांनी लगेच पाणी ओतलं. ‘डबरी गल्लीला ठाऊक होती म्हणतेस. मग शेजारी चौकशी करणं ही सामान्य काळजी नाही का? समोरचा वकील पहिलं हेच विचारणार.’ मी म्हटलं, जुना खसरा काढू, त्यात डबरीची नोंद असेल. ते म्हणाले, काढ, पण नोंद सापडली तर डबरी होती हे सिद्ध होईल आणि तुला ती शोधता आली असती हेही. एकच कागद दोन्ही बाजूंचा साक्षीदार! त्या रात्री मला झोप लागली नाही. भेग माझ्या भिंतीत, आणि पुरावा मात्र दुसऱ्याच्या डोक्यात काय होतं याचा द्यायचा, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

वाट दाखवली एका गवंड्यानं. दुरुस्तीचा अंदाज द्यायला आला आणि सहज बोलून गेला की ही भेग त्यानं आधीही भरली होती, मालकाच्या सांगण्यावरून, रंग देण्याआधी. काका खुर्चीत सरळ बसले. १८७२ च्या करार कायद्यात गप्प राहणं आणि मुद्दाम लपवणं यांत फरक आहे. नुसत्या मौनावर बोट ठेवलं तर ‘तुम्हाला शोधता आलं असतं’ हा बचाव चालतो. पुट्टी भरून, रंग फासून लपवलं असेल तर तो बचाव लंगडा पडतो. रजिस्ट्रीतल्या ‘जहाँ है जैसा है’ या ओळीचीही मला धास्ती होती, कारण कलम ५५ मधली कर्तव्यं उलट करार नसेल तरच लागू होतात. काकांचं मत असं की त्या ओळीनं उघड दोष झाकले जातील, फसवणूक नाही. मुदतीचा प्रश्नही त्यांनीच सोडवला: फसवणूक उघडकीला येईपर्यंत मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात होत नाही.

विक्री रद्द करायची आमची इच्छा नव्हती. पाया सावरायचा खर्च हवा होता, तेवढीच नोटीस धाडली. उत्तर आलं ते वाचून मी चिडले आणि काका हसले. विकणारे गृहस्थ लिहितात, डबरी गावात सर्वांनाच माहीत होती, म्हणून वेगळं सांगण्याची गरज वाटली नाही. म्हणजे त्यांना स्वतःला ठाऊक होतं, हे त्यांनी सहीनिशी कबूल केलं होतं. आमचं घर दाखवायच्या दिवशी याच माणसानं आग्रहानं चहा पाजला होता; त्याला लबाड म्हणताना मला आजही अवघड जातं. गावच्या लोकांनी सांगायचं नसतं आणि बाहेरच्यांनी विचारायचं असतं, असाच बहुधा त्याचा हिशेब असावा. कायद्याचा हिशेब उलटा आहे.

दावा अजून दाखल नाही, बोलणी चालू आहेत. गवंड्याचा जबाब प्रतिज्ञापत्रावर घेऊन ठेवला आहे. पण तुम्ही घर बघत असाल तर बयाणा देण्याआधी विकणाऱ्याला काही प्रश्न लेखी विचारा: जागेवर पूर्वी काय होतं, भराव किती, भेगा कधी भरल्या, पाणी कुठे शिरतं. उत्तरं इकरारनाम्यात त्याच्या सहीनं घ्या. आणि पटवाऱ्याकडे जाण्याआधी शेजारच्या दाईकडे जा.