नल आला तर पुढे चला

तर झालं असं, की बाबांनी रिटायर झाल्यावर आजीची जुनी पत्रं टाईप करायला घेतली. रोज एक पत्र, एक फाईल. नावंही अस्सल मराठीत, 'कऱ्हाडहून आलेले पत्र' वगैरे. आता घरात इंजिनिअर म्हटल्यावर बॅकअप माझ्या गळ्यात. रेडीमेड काहीतरी टाकून द्यायचं सोडून एका शनिवारी कोथरूडच्या घरी सी मध्ये शंभरेक ओळी खरडल्या. फोल्डर वाचा, फाईल उघडा, पेनड्राइव्हवर उतरवा.

माझ्या लिनक्सवर मराठी नावांसकट झकास चाललं. बाबांच्या विंडोजसाठी कंपाईल करताना एफओपन() ला आठवणीने 'आरबी' दिलं. नुसतं 'आर' दिलं तर विंडोज फाईल टेक्स्ट समजून उघडतं, आणि फोटोत मध्येच २६ नंबरचा बाईट आला की फाईल संपली असं धरतं. एवढं माहीत असल्याचा कोण आनंद! टेस्टिंग केलं ते मात्र 'टेस्ट१', 'टेस्ट२' असल्या इंग्रजी नावांवर.

दिवाळीनंतर लॅपटॉपची डिस्क गेली. पेनड्राइव्ह लावला. लाईटबिलं होती, पॅनकार्डाचं स्कॅन होतं. पत्र एकही नाही.

लिनक्सला फाईलचं नाव म्हणजे नुसती बाईट्सची माळ. विंडोज नावं युनिकोडमध्येच ठेवतं, पण साधं एफओपन() ती बघतं जुन्या कोडपेजच्या चष्म्यातून. ग्रीक, अरबी, थाईला असं सिस्टीम कोडपेज मिळालं, देवनागरीला कधीच नाही. त्यामुळे फोल्डर वाचतानाच माझ्या प्रोग्रॅमला '????' दिसत होतं, आणि ते उघडायला गेलं की नल. उपाय जुनाच आहे, डब्ल्यूएफओपन(). शिवाय २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ लिहिलं तरी भागतं. सी स्टँडर्ड एफओपन() ची हमी देतो हो, पण कुठलं नाव चालेल ते ज्याच्या त्याच्या सिस्टीमवर सोडतो.

पण खरी घाण माझ्याच एका ओळीत होती. फाईल उघडली नाही तर 'कंटिन्यू'. ना मेसेज, ना लॉग. आठ महिने दर रविवारी 'बॅकअप पूर्ण' छापत होता बिचारा.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी नावं इंग्रजीत द्यायला हवी होती का रे?"

"नाही बाबा."

मूळ पत्रं ट्रंकेत आहेत, नशीब. आता रविवारी सकाळी ते वाचतात, मी टाईप करतो. एकोणीस झाली. नावं मराठीतच आहेत.