खडीच्या वाटेनें

प्रवासांत जो पुढें जातो त्याची वाहवा होते, आणि जो मागें राहतो त्याची कोणी विचारपूसहि करीत नाहीं. म्हणून शहाण्यानें होतां होईल तों पुढें असावें, अशी माझी आजवर समजूत होती. गेल्या दिवाळीच्या सुटींत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सायकलीवरून केलेल्या एका प्रवासानें ती समजूत पार पालटली. त्या प्रवासाची हकीकत वाचकांस सादर करीत आहें. तींत पराक्रम थोडा व फजिती फार आहे, हें आधींच सांगून ठेवितों.

आमचे मामा अलिबागेस राहतात. त्यांना सायकलीचा भारी नाद. अलीकडे त्यांनीं एका नव्या तऱ्हेची सायकल घेतली आहे. तिचें नांव 'ग्रॅव्हल बाइक'; मामा मात्र तिला 'खडीची सायकल' म्हणतात. तिचें हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणें खालीं वळलेलें असतें, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद असतात. शर्यतीच्या सायकलीचे टायर अरुंद असून त्यांत हवा ठासून भरलेली असते; त्यामुळें डांबरी सडकेवर ती वाऱ्यासारखी धांवते, परंतु खडीवर दगडागणिक उसळते. रुंद टायरांत हवा थोडी कमी ठेवितां येते. मग तो टायर दगडावर आपटण्याऐवजीं किंचित् दबतो आणि जमीन धरून राहतो. "खडीवर ताठ राहून चालत नाहीं रे, थोडें नमावें लागतें," असें मामा म्हणाले. त्या वेळीं मला तें केवळ यंत्राचें शास्त्र वाटलें.

मामांच्या एका स्नेह्यानें अशीच दुसरी सायकल आम्हांस एका दिवसापुरती दिली. सायकल एक आणि आम्ही भाऊ दोघे! घरांत आणखी एक जुनी, अरुंद टायरांची सायकल होती. माझा बंधु माझ्याहून तीन वर्षांनीं लहान. वडीलपणाच्या अधिकारानें मीं नवी सायकल पटकावली आणि जुनी त्याच्या वाट्यास दिली. तो कांहीं बोलला नाहीं. बेत असा ठरला कीं, पहांटे निघून आक्षी, नागांव, चौल, रेवदंडा व कोर्लई या मार्गानें मुरूड गांठावें, आणि दुपारीं शिडाच्या होडींतून जाऊन जंजिरा पाहावा. अंतर सुमारें पन्नास किलोमीटर. परंतु मामांचा दंडक असा कीं, जेथें कच्ची वाट मिळेल तेथें सडक सोडावयाची.

आम्ही निघालों तेव्हां समुद्रांतील कुलाबा किल्ला धुक्यांतून नुकताच दिसूं लागला होता. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें हें एक मुख्य ठाणें. इ. स. १७२९ मध्यें ते वारले. त्यांची समाधि अलिबागेंतच आहे. आक्षीस मामांनीं थांबून मराठी भाषेच्या अत्यंत जुन्या शिलालेखांपैकीं एक आम्हांस दाखविला. माझा भाऊ त्या दगडावरील झिजलेलीं अक्षरें वांकून न्याहाळीत होता. मी मात्र घड्याळाकडे पाहत होतों.

नागांवच्या पुढें माडांच्या व पोफळींच्या वाड्यांमधून वाळूच्या वाटेनें आम्ही चौलास आलों. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशांना हें बंदर ठाऊक होतें. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी विकण्यासाठीं एक घोडा घेऊन येथें उतरला, आणि त्यानें आपल्या प्रवासाचें वर्णन लिहून ठेविलें. त्याचें स्मारक रेवदंड्यास एका शाळेच्या आवारांत आहे. मामा हें सर्व सांगत होते. परंतु माझें चित्त जंजिऱ्याकडे लागलें होतें, तें या गोष्टींत कसें रमावें?

रेवदंड्याचा तट ओलांडून आम्ही कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडे गेलों. तेथून मामांनीं सडक सोडून बांधावरची खडीची वाट धरली. दोहों बाजूंस कापलेलीं भाताचीं खाचरें पसरलीं होतीं व खाडीचा खारा वारा तोंडावर येत होता. माझी सायकल त्या वाटेवर अशी चालली कीं, मला आपल्या पायांच्या शक्तीचा गर्व वाटूं लागला. मागून भावाची हांक आली, "दादा, जरा हळू!" ती मीं ऐकली, ऐकली नाहीं असें आज म्हणणें खोटें होईल. परंतु होडी चुकेल, असें मनाशीं म्हणून मीं पाय अधिकच जोरानें मारले.

कोर्लईस पोंचलों तेव्हां मागें कोणी दिसत नव्हतें. एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई सुकी मासळी निवडीत बसली होती. मीं पाणी मागितलें. तिनें आंत हांक मारली, ती मराठींत नव्हती, कोंकणींतहि नव्हती. मीं नवलानें विचारलें, "आजी, ही कोणती भाषा?"

"नो लिंग," ती हंसून म्हणाली. "म्हणजे आमची भाषा." मग माझ्याकडे निरखून पाहत तिनें विचारलें, "एकटाच आलास का रे बाळा?"

"नाहीं आजी, मागून मामा आणि धाकटा भाऊ येताहेत."

"कधींचे येताहेत?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "पोर मागं ऱ्हायलंय, आणि तुला पाणी गोड लागतंय!"

तो पेला मीं तसाच खालीं ठेविला व सायकल माघारी फिरविली. दीडदोन किलोमीटरांवर तीं दोघें दिसलीं. भावाची सायकल एका धोंड्यावरून उसळून तो पडला होता. ट्यूब फाटली होती व गुडघ्यांतून रक्त येत होतें. मामांनीं जखमेस रुमाल बांधला होता, आणि तो लंगडत सायकल ढकलीत येत होता. "मला फोन कां केला नाहींत?" असें मीं मामांना विचारलें. मामा म्हणाले, "करणार होतों. यानेंच माझा हात धरला. म्हणाला, दादाला जंजिरा पाहायचा आहे, त्याला बोलावूं नका."

मामा मला रागें भरले असते तर बरें झालें असतें. मीं भावाला नव्या सायकलीवर बसविलें आणि त्याची सायकल ढकलीत कोर्लईपर्यंत चालत गेलों.

आजीबाईंनीं त्याची जखम धुतली व आम्हां सर्वांस जेवूं घातलें. शेजारच्या एका तरुणानें ट्यूबला ठिगळ लावून दिलें. जेवतांना मामांनीं त्या भाषेची कथा सांगितली. पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं चौलास किल्ला बांधावयास घेतला, आणि समोरचा कोर्लईचा डोंगर १५९४ मध्यें निजामशाहीकडून जिंकला. पुढें मराठ्यांनीं १७३९ मध्यें वसई घेतली व १७४० मध्यें हा मुलूखहि त्यांच्याकडे आला. तेव्हां पोर्तुगीज अधिकारी व शिपाई निघून गेले; गोरगरीब ख्रिस्ती कुटुंबें तेवढीं येथें मागें राहिलीं. त्यांच्या तोंडची पोर्तुगीजांपासून झालेली मिश्र बोली मराठीच्या शेजारीं नांदत आजतागायत टिकली आहे. ती बोलणारीं माणसें आज हजाराच्या आंतबाहेरच असतील. गडाचा तट ढासळत आहे. जे गेले त्यांचीं नांवें पुस्तकांत आहेत. पण त्यांची वाणी जतन केली, ती मागें राहिलेल्या या माणसांनीं.

मामा हें सांगत असतां आजीबाई माझ्या भावाच्या पानांत पुन्हां भात वाढीत होत्या. मला मान वर करवेना.

जंजिरा त्या दिवशीं राहिलाच. परतीच्या वाटेवर जुनी सायकल मीं घेतली. तेव्हां कळलें कीं, ज्या वाटेवर सकाळीं मला माझा पराक्रम दिसला, त्याच वाटेवर माझ्या भावाला दर दगडाचा हिसका हातांपासून खांद्यांपर्यंत बसत होता. माझा वेग टायरांचा होता, पायांचा नव्हता. नागांवच्या वाडींत तो पुढें जाऊन थांबला आणि मागें वळून म्हणाला, "दादा, दमलास का? मी थांबतों."

वाचकहो, आम्ही जंजिऱ्यास पुढच्या सुटींत पुन्हां जाणार आहों. नवी सायकल कोणीं घ्यावयाची, हें आमच्यांत ठरून गेलें आहे. त्याबद्दल आतां वाद उरलेला नाहीं.