खिडकी आत उघडावी की बाहेर?

तुमच्या घराच्या खिडक्या आत उघडतात की बाहेर? चटकन सांगा पाहू! नाही ना आठवत? मलाही आठवेना. रोज हात लावतो, पण लक्ष कोण देतं? पण हाच प्रश्न शिडाच्या बोटीवर आला की माणसं तासन्‌तास वाद घालतात, बरं का! मी तो वाद ऐकला गोव्यात, मांडवी नदीवर. नुसता ऐकला नाही, त्यात चांगला भिजलोसुद्धा.

गेल्या मे महिन्यात सातवीतल्या भाचीला घेऊन मी गोव्याला गेलो होतो. तिला ‘म्हादई’ जिथे बांधली ती जागा बघायची होती. ‘म्हादई’ म्हणजे तीच छप्पन्न फुटी शिडाची नौका, जिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पुरी केली. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागतं. नारळ, शेतं, शांत रस्ते. या एवढ्याशा बेटावर ‘म्हादई’ बांधली गेली, आणि पुढे सहा नौदल अधिकारी मुलींना २०१७-१८ मध्ये जगभर फिरवून आणणारी ‘तारिणी’ही इथलीच! भाची नदीकडे बघत बराच वेळ गप्प उभी होती. ती गप्प राहिली ही बातमीच म्हणायची.

त्या रात्री आमचा मुक्काम पाण्यावरच होता. माझ्या मित्राचे काका जन्मभर मोठ्या जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालेत. त्यांची चौतीस फुटी शिडाची बोट रेईश मागूशच्या किल्ल्यासमोर नांगरलेली असते. समोर पणजीचे दिवे, वर किल्ला. आत शिरलो तर चक्क छोटंसं घर! दोन केबिन, ओटा, संडास आणि आठ चिमुकल्या खिडक्या. यांना पोर्टहोल म्हणतात. यातलं ‘पोर्ट’ म्हणजे बंदर नव्हे हं. तो शब्द दरवाजा या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला आहे. पूर्वी युद्धनौकांना तोफा बाहेर काढायला झडपांची भोकं ठेवत, ती ही दारं.

“बाय, या आठांतल्या सहा आत उघडतात आणि ओट्याजवळच्या दोन बाहेर,” काका भाचीला म्हणाले. “आधीच्या मालकाने बदलल्या. आता सगळ्यांचे रबर गेलेत. पावसाळ्यानंतर मला लक्षद्वीपला जायचंय. त्याआधी ठरवायचंय, कुठल्या ठेवायच्या.”

“बाहेरच्या!” भाची म्हणाली. विचार न करता, सवयीप्रमाणे.

पण त्या रात्री ती बरोबर ठरली. दोन वाजता वळवाची सर आली. पुढच्या केबिनमध्ये भाचीच्या उशाची खिडकी उकाड्यामुळे उघडी होती. ती वरच्या बिजागरीवर आत उघडून छताच्या हुकाला अडकवलेली. पाऊस थेट अंथरुणावर! मी मदतीला धावलो आणि त्या लटकलेल्या तावदानाच्या कडेवर माझं डोकं आपटलं. खिडकी लावायला गेलो, तर चौकटीच्या खालच्या कडेत साठलेलं पाणी ओंजळभर माझ्या पायांवर. काका मात्र ओट्याजवळ सुखात घोरत होते. त्यांच्या डोक्यावरची खिडकीही उघडीच होती, पण बाहेर उघडलेलं तावदान छपरासारखं तिरपं राहिलं होतं. थेंब आत नाही!

सकाळी आम्ही शीड उभारून आग्वादच्या दिशेने निघालो. नदी संपून समुद्र लागला तशी बोट नाचू लागली. पुढचं टोक एका लाटेत घुसलं, पाणी डेकवरून धावत आलं आणि पुढच्या केबिनमधून भाची ओरडली, “मामा, पिचकारी!” खिडकी बंद होती, पण दोन विंग नटांपैकी एकच मी घट्ट पिळला होता. दुसरीकडून तावदान किंचित आत सरकत होतं.

“कुकर आठवा,” काका म्हणाले. काही कुकरांचं झाकण तिरकं करून आत घालावं लागतं ना? आतली वाफ त्याला कडेवर दाबते. जितका दाब जास्त, तितकं ते घट्ट. बाहेर उघडणारी खिडकी तशीच, फक्त उलटी. समुद्र बाहेरून दाबतो आणि तावदान रबरावर आणखी घट्ट बसतं. आत उघडणाऱ्या खिडकीला तोच समुद्र उघडायला बघतो, त्याला अडवतात ते फक्त ते नट. किती जोर असेल? एक मीटर पाण्याखाली दर चौरस मीटरवर साधारण एक टन भार असतो. तीस सेंटिमीटर लांब, पंधरा सेंटिमीटर उंच खिडकीवर म्हणजे पंचेचाळीस किलो. भाची जवळजवळ एवढीच आहे! आणि फुटणारी लाट याहून जोरात आदळते. म्हणून लांब पल्ल्याच्या सागरी शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बोटीच्या पुढच्या भागात केबिनच्या बाजूला असलेली आत उघडणारी खिडकी ०.०७१ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण सत्तावीस सेंटिमीटर बाजूच्या चौरसापेक्षा मोठी असली, तर ती खास मजबूत लागते आणि तिच्यावर ‘समुद्रात उघडू नये’ अशी पाटी लावावी लागते.

“म्हणजे बाहेरच्याच!” भाची.

काका काही बोलले नाहीत. बोट वळवायची वेळ झाली होती. पुढचं शीड फडफडत एका बाजूकडून दुसरीकडे गेलं, त्याचा दोर केबिनवरून सपकन सरकला आणि ओट्याजवळच्या उघड्या तावदानात अडकला. वारा भरला. कट्‌! बिजागरी वाकडी. तावदान तिथेच लोंबकळू लागलं, त्या जागी पाच इंचांचं भोक, आणि बोट नेमकी त्याच बाजूला कलत चाललेली! काकांनी सुकाणू फिरवून वारा सोडला, मी भोकावर उशी दाबून धरली. त्या दहा मिनिटांत लक्षद्वीप मला फार लांब वाटलं.

नदीत परत आल्यावर काकांनी ‘वासा’ची गोष्ट सांगितली. स्वीडनच्या राजाची नवी कोरी युद्धनौका, १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली. वरून जड होती. जेमतेम तेराशे मीटर गेली असेल, वाऱ्याने कलली आणि खालच्या रांगेतल्या उघड्या झडपांतून पाणी शिरलं. बुडाली, लोकांच्या डोळ्यांदेखत. १९६१ साली ती वर काढली. आज तिथल्या संग्रहालयात ती उभी आहे.

“तिच्या झडपा आत उघडायच्या की बाहेर?” भाचीने विचारलं.

“बाहेर,” काका म्हणाले. “पण उघड्या होत्या.”

मग कागद-पेन्सिल निघाली. केबिनच्या दोन्ही बाजूंना दोर धावतात, अंधारात माणसं चालतात, त्यामुळे तिथे आत उघडणाऱ्याच. पण नट जाड, रबर नवं, आणि पाऊस अडवायला वर भुवईसारखी पट्टी. फक्त सुकाणूकडे तोंड असलेल्या मागच्या भिंतीत, जिथे लाट थेट येत नाही आणि वर कापडी छप्पर आहे, तिथे ओट्याजवळची शाबूत राहिलेली बाहेरची खिडकी बसवायची. मला वाटलं, रात्रीची झोप म्हणून तरी पुढे एखादी बाहेरची असावी. पण माझं मत कोणी विचारलं नाही.

भाचीला मात्र काम मिळालं. नांगर उचलण्याआधी सगळ्या खिडक्या हाताने दाबून बघायच्या आणि आकडा ओरडून सांगायचा. दुसऱ्या दिवशी आम्हाला पणजीच्या धक्क्यावर सोडायचं होतं. तुटलेल्या जागी फळी ठोकलेली होती, तीही मोजायची होती. काका साखळीवर हात ठेवून थांबले.

“सात!” आतून आवाज आला.

“आठवी?”

“मामा संडासात आहेत. दार उघडत नाहीत!”

काकांनी साखळी खाली ठेवली आणि विडी पेटवली.