चाकाचा तोल

तर्कशास्त्र व नीतिशास्त्र हे दोन विषय आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों. ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग विद्यार्थ्यांस समजावून देण्याचा प्रसंग दरवर्षीं येतो, आणि दरवर्षीं त्याच ठिकाणीं आम्ही दोन्ही हातांनीं तराजूची खूण करून दाखवितों. तराजू दाखविला कीं समतोल कळला, अशी आमची समजूत होती. गेल्या पावसाळ्यांत मात्र पुण्यांतील एका टायरच्या दुकानांत, तेलानें काळवंडलेल्या लांकडी बांकावर बसून, आम्हांस हा विषय नव्यानें शिकावा लागला. शिकविणाऱ्याचें शिक्षण किती झालें आहे, हें आम्हीं विचारलें नाहीं. तेवढी अक्कल आम्हांस त्या दिवशीं होती.

प्रकरणाचें मूळ थोडें मागें आहे. आमची आई भोरच्या पुढें आमच्या मूळ गांवीं राहते. तिचें वय ८२. पुण्यापासून भोरपर्यंतचे सुमारें ५० किलोमीटर व त्यापुढचाहि बराच रस्ता डांबरी आहे. पण शेवटचे चार किलोमीटर मातीचे, आणि मध्यें एक ओढा. दोन वर्षांपूर्वीं आषाढांत ती ओटीवरून उतरतांना पडली व तिच्या मांडीचा खुबा मोडला. रुग्णवाहिका ओढ्याच्या अलीकडेच थांबली. चौघां शेजाऱ्यांनीं घोंगडीची झोळी करून, गुडघाभर चिखल तुडवीत तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलें. शस्त्रक्रिया चांगली झाली. सहा महिने आमच्याकडे काढून ती परत गेली, ती “माझें घर तेंच” असें बजावूनच. तेव्हांपासून तिला दर तीन महिन्यांनीं तपासणीसाठीं पुण्यास आणावें लागतें.

आमच्या चिरंजिवांनीं आपल्या पगारांतून जीप घेतली होती. आजीची झोळी डोळ्यांनीं पाहिल्यावर त्यानें तिचे मूळचे टायर उतरविले, आणि ३३ इंच उंचीचे, बोटभर खोल खांचांचे, चिखलासाठींच बनविलेले टायर चढविले. एकेक चाक रिमसह उचलावयास दोन माणसें लागावीं असें! आम्हीं तें ध्यान पाहिलें आणि विचारलें, “ही गाडी आहे कीं रणगाडा?” तो हंसला व म्हणाला, “बाबा, ओढ्यावर गेल्यावर सांगा.” ओढ्यावर आम्ही निरुत्तर झालों, हें कबूल केलें पाहिजे. जेथें रुग्णवाहिका थांबली होती, तेथून जीप म्हशीसारखी शांतपणें पलीकडे गेली.

निरुत्तर झालेला प्राध्यापक फार वेळ तसा राहत नाहीं. परतीच्या वाटेवर कापूरहोळला आम्ही हमरस्त्यास लागलों, गाडीनें वेग घेतला, आणि काटा ७०च्या पुढें जातांच सुकाणूं थरथरूं लागलें. ८०ला तर बसण्याची जागा, दारें, समोरची कांच सारेंच कांपूं लागलें. मागें बसलेली आई एका हातानें दाराची मूठ आणि दुसऱ्यानें आपला खुबा धरून होती. तिनें तक्रार केली नाहीं. घरीं उतरल्यावर मात्र एवढेंच म्हणाली, “पुढच्या वेळीं झोळींतूनच न्या बाबा मला. झोळी हलते, पण अशी कांपत नाहीं.”

त्या रात्रीं आमच्या घरांत वाद झाला. ते टायर उद्यांच्या उद्यां उतरवावे, असा आमचा आग्रह. उतरविले तर श्रावणांत ओढा कसा ओलांडावयाचा, असा चिरंजिवांचा सवाल. आम्हीं हौस, उधळपट्टी, तारुण्याचा उन्माद इत्यादि शब्द वापरले. त्यानें शब्द वापरले नाहींत, तो जेवणावरून उठून गेला. आणि तें आम्हांस अधिक लागलें. शेवटीं आमचें कुटुंब म्हणालें, “अहो, तुम्ही डांबराकडून बोलतां, तो चिखलाकडून बोलतो. आईंना मात्र दोन्हींवरून यायचें आहे.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिरंजिवांनीं एक कागद आमच्यापुढें ठेवला. त्यावर गणित होतें. चाकाच्या परिघावर एके ठिकाणीं ५० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम लिंबाएवढें, वजन जादा आहे असें समजा. ३३ इंची चाक ताशीं ८० किलोमीटर वेगानें पळतांना सेकंदास आठांहून अधिक फेरे घेतें, आणि तें लिंबू त्या चाकास बाहेरच्या बाजूस सुमारें सहा किलोच्या जोरानें ओढतें. वेग निम्मा केला तर ओढ निम्मी होत नाहीं, चौथाई होते; म्हणून ४०ला तेंच लिंबू दीड किलोचें. गांवांतल्या गांवांत गाडी शहाण्यासारखी वागते आणि मोठ्या रस्त्यावर बिथरते, त्याचें कारण हें. शिवाय गाडीच्या सांध्यांचा व स्प्रिंगांचा स्वतःचा एक ठेका असतो; चाकाचा ठेका त्याच्याशीं जुळला कीं थरथर कळसास पोंचते. इंटरमीजिएटला शिकलेलें पदार्थविज्ञान आठवून आम्हीं आंकडे ताडून पाहिले. ते बरोबर होते. तर्कशास्त्राच्या अध्यापकास पुढचा रस्ता उरला नव्हता. आम्ही त्याच्याबरोबर टायरच्या दुकानांत गेलों.

पहिल्या दुकानांतला अनुभव थोडक्यांत सांगतों. तेथें घाई होती. चाकांच्या फक्त बाहेरच्या बाजूस थोडी वजनें लावून आमची बोळवण झाली. कंप कमी झाला, पण गेला नाहीं. दुसरें दुकान एका वयस्क मिस्त्रींचें होतें. त्यांनीं चाक यंत्रावर चढविलेंच नाहीं. आधीं तें आडवें टाकून रिमच्या आंतल्या बाजूस हात घातला आणि वाळलेल्या चिखलाचें एक ढेकूळ काढून आमच्या हातावर ठेवलें. “सर, हें तुमच्या गांवचें आहे. आधीं याला उतरवूं, मग तोल बघूं.” आमच्या वडिलोपार्जित भूमीचा तो अंश बराच जड होता.

चाक धुऊन त्यांनीं तें यंत्राच्या आडव्या दांड्यावर शंकूच्या आधारानें बसविलें. तें बरोबर मध्यावर बसलें कीं नाहीं हें दोनदां पाहिलें. कारण, ते म्हणाले, चाक मधोमध नसेल तर यंत्र खोटें बोलतें. मग चाक फिरलें, आणि पडद्यावर आंकडे उमटले: आंतून ९५ ग्रॅम, बाहेरून ७०. आम्हीं विचारलें, “एकाच चाकाला दोन आंकडे कसे?” त्यांनीं आपले दोन्ही तळहात समोरासमोर धरले. चाक अरुंद असतें तर एकच प्रश्न होता: वरखालीं उडतें कीं नाहीं. रुंद चाकाची जड जागा आंतल्या कडेकडे असली आणि तिची भरपाई बाहेरच्या कडेला केली, तर चाक उडावयाचें थांबतें, पण डावीउजवीकडे डुलूं लागतें. म्हणून दोन्ही कडांचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. पहिल्या दुकानांत काय राहिलें होतें, तें आतां कळलें.

आम्हांस वाटलें, आतां वजनें लावतील. मिस्त्रींनीं मान हलविली. एवढें वजन लावणें म्हणजे रोगाला औषध न देतां पांघरूण घालणें. त्यांनीं टायरची हवा सोडली, त्याची कड रिमपासून मोकळी केली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसविला व हवा भरली. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकाच अंगाला आल्या होत्या. त्या त्यांनीं समोरासमोर आणल्या. आतां यंत्र म्हणालें: आंतून ४०, बाहेरून २५. दोघांच्याहि अंगांत जडपणा तेवढाच होता. फक्त एकाच बाजूनें जोर लावणें थांबलें होतें. आम्हीं नकळत चिरंजिवांकडे पाहिलें. तोहि आमच्याकडेच पाहत होता.

टायरच्या पोटांत कांचेचे बारीक मणी घालावे, म्हणजे ते वेगांत आपोआप हलक्या बाजूस जाऊन बसतात, असा एक पक्ष आहे. चिरंजिवांनीं तें विचारून पाहिलें. मिस्त्री म्हणाले, “जे घालतात त्यांना घालूं द्या. मला माझें वजन कुठें आहे तें दिसायला हवें.” त्यांनीं रिमची आंतली बाजू घासून कोरडी केली आणि चिकटणारीं वजनें दोन निरनिराळ्या रेषांवर, दगड लागणार नाहींत अशीं आंत बसविलीं. चाक पुन्हा फिरविलें. पडद्यावर दोन शून्यें आलीं.

एवढ्यावर त्यांनीं आम्हांस सोडलें नाहीं. सुकाणूंचे सांधे हलवून पाहिले. ते सैल असतील तर चाकाचा तोल करून उपयोग नाहीं. टायर वाटोळाच नसेल तर जगांतलें कोणतेंहि वजन त्याला वाटोळा करीत नाहीं, हेंहि सांगितलें. चिखलांत हवा कमी केली असेल तर डांबरावर चढण्यापूर्वीं ती पुन्हा भरावी. आणि खांचांचा घूं घूं आवाज राहणारच, तो टायरचा स्वभाव आहे, दोष नव्हे. “आणि सर, तोल एकदां करून संपत नाहीं. टायर झिजतो तसा तोल बदलतो. आठदहा हजार किलोमीटरांनीं परत या.”

ॲरिस्टॉटलनें म्हटलेंच आहे कीं, वस्तूंतला मध्य निराळा आणि आपल्यापुरता मध्य निराळा; दहा आणि दोन यांच्यामधला सहा सर्वांस सारखाच लागू पडत नाहीं. हें आम्ही वर्गांत दरसाल सांगतों. पण वादाच्या रात्रीं आमची कल्पना होती ती अंकगणितांतली: मोठे टायर वाईट, लहान चांगले, कीं मधले घ्यावे? मिस्त्रींनीं मधले टायर सुचविले नाहींत. चिखलासाठीं जें मोठें हवें तें मोठेंच ठेवून, त्याच्या समोरच्या अंगाला थोडेसें वजन ठेवलें. आमचे शब्दहि वजनदारच होते. पण ते आम्ही जड बाजूलाच चिकटवीत होतों.

घरीं येतांना गाडींत बसून आम्हांस डनलपची गोष्ट आठवली. बेलफास्टमधल्या त्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावे म्हणून हवेनें भरलेली रबरी धाव केली, आणि १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. तेथें बापानें मुलाचे हादरे कमी केले. येथें मुलगा आजीचे हादरे कमी करावयास धडपडत होता, आणि बाप त्याला रणगाडा म्हणत होता. आम्हीं तें त्याला तसेंच सांगितलें. “बाबा, रणगाड्याला टायर नसतात,” एवढेंच तो म्हणाला. पण त्या रात्रीं तो आमच्याबरोबर जेवला.

श्रावणांत आम्ही दोघे आईला आणावयास गेलों. ओढा भरलेला होता; जीप त्यांतून आली. भोरला चिरंजिवांनीं थांबून चारहि टायरांत हवा भरली. कापूरहोळ गेलें, काटा ७०वर आला, ८०वर आला. आम्ही सुकाणूंकडे पाहत होतों. मग मागें वळून पाहिलें. आईनें दाराची मूठ सोडली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान एका बाजूस कलती करून ती झोंपली होती. सकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं “प्रवास कसा झाला?” म्हणून विचारलें, तेव्हां “कात्रजचा बोगदा आलाच नाहीं कसा?” असा तिनें उलट प्रश्न केला.

तिला गांवीं पोंचवून आलें कीं चाकें आंतून धुवावीं लागतात. वाळलेला चिखल राहिला तर सारें पुन्हा बिघडतें. तें काम आतां आमच्याकडे आहे. चिरंजीव दिवा धरतो, आम्ही रबरी नळी धरतों, आणि आमच्या गांवची माती अंगणाच्या मोरींतून वाहून जाते.