पाऊस मोजणारी बाटली

पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक ओळ हमखास असते – ‘काल लातुरात २० मिलिमीटर पाऊस झाला.’ तुम्हीही ती वाचली असेल. पण कधी मनात आलं का, की दूध लिटरवर मोजतात, रॉकेल लिटरवर मोजायचे, मग पावसाचं पाणी कापडासारखं लांबीवर का मोजायचं? मिलिमीटर म्हणजे तर आपल्या पट्टीवरची सगळ्यात बारकी रेघ!

माझ्या वर्गात पाचवीतल्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला. मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला. डी.एड. झालो आणि लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून लागलो. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. पण लग्नसराई झाली की गावभर रिकाम्या बाटल्या मात्र पडलेल्या असतात! अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभर अशाच टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग आपण का मागं राहायचं?

आधी आम्ही मैदानात खडूची पूड टाकून एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखला. चारी बाजूंनी विटा मांडल्या आणि वर प्लास्टिकचा कागद अंथरला. झालं छोटंसं तळं! त्यात मापानं मोजून दहा लिटर पाणी ओतलं. चार कोपऱ्यांत पट्टी बुडवली, तर खोली आली ८, १२, ९ आणि ११ मिलिमीटर. जमीन थोडी उंचसखल होती ना! चौघांची बेरीज ४०, भागिले ४, सरासरी १०. सरासरीचा धडा असा जाता जाता झाला. आणि दहा लिटरला दहा मिलिमीटर, म्हणजे एक लिटरला एक मिलिमीटर!

हे सूत्र वहीत लिहून ठेवा : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अंगण लहान असो की शेत मोठं, साचलेल्या पाण्याची उंची सारखीच. म्हणून पाऊस उंचीत मोजतात.

आता पर्जन्यमापक करू. सरळ कडांची, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. ती जिथून निमुळती व्हायला लागते तिथं मोठ्या माणसांकडून कापून घ्या. वरचा तुकडा बूच काढून उलटा बसवा, झालं नरसाळं. वाऱ्यानं पडू नये म्हणून तळाशी थोडे खडे टाका. खडे बुडतील आणि सरळ कडा सुरू होतील इतकं पाणी ओता. तिथं शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवा. बाटली झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आकडा बघा, कारण हवामान खातंही साडेआठलाच चोवीस तासांचा पाऊस मोजतं. मग पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणा.

“सर, मोठ्या बाटलीत जास्ती पाऊस पडंल की!” एकानं शंका काढली. मी उत्तर दिलं नाही. लहान आणि मोठी, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दोन्हींत उंची जवळजवळ सारखी! रुंद बाटलीत पाणी जास्त येतं खरं, पण ते जास्त जागेत पसरतं. पोरानं स्वतःच शोधून काढलं.

ही कल्पना माझी नाही बरं का. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात धान्यकोठाराजवळ भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. त्यात निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊसही दिला आहे. अपरांताचा, म्हणजे कोकणाचा, अमाप! अवंतीचा, म्हणजे उज्जैनकडचा, बराच. आणि अश्मक देशाचा त्याहून कमी. हा अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा, आपल्याच बाजूचा मुलूख. बघा, आपल्याकडं पाऊस कमी ही तक्रार किती जुनी आहे!

हे सगळं खेळ म्हणून ठीक आहे, पण लातूरकरांसाठी हे गणित जिवाचं आहे. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला पाणी द्यायला रेल्वे आली. मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून! पहिली गाडी एप्रिल महिन्यात आली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. फळ्यावर ५,००,००० लिहिलं, तेव्हा पोरं म्हणाली, “लई पाणी आलं सर!” मग खाली भाजक लिहिला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३,८२,९४० होती. भागाकार केला. उत्तर आलं साधारण १.३. एका माणसाला सव्वा लिटरच्या जरा वर! पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तरी माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीच. वर्ग एकदम गप्प झाला. मोठा आकडा ऐकून खूश व्हायचं नाही, त्याला भागून बघायचं, हे त्या दिवशी पोरांना कळलं.

मग बाटली आल्यावर आम्ही दुसरं गणित केलं. टेप धरून वर्गाच्या छताचं माप घेतलं. लांबी ८ मीटर, रुंदी साडेसात मीटर, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला. ६० गुणिले ७००, किती? ४२,००० लिटर! एक मुलगा उठून म्हणाला, “सर, म्हंजी रेल्वेचा एक डबा आपल्या डोक्यावरूनच वाहून जातोय की!” अगदी खरं. गळती, उडून जाणं यासाठी वीस टक्के सोडले तरी ३३,६०० लिटर उरतात. वर्गात ४२ मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला ८०० लिटर. पिणं, हात धुणं, खिचडीचं ताट विसळणं यासाठी रोज पाच लिटर धरले, तर १६० दिवस पुरतील. फक्त साठवायला टाकी हवी, आणि पिण्याआधी पाणी गाळून शुद्ध करायला हवं. पोरांनी हा हिशेब कागदावर काढून गावच्या सरपंचांना नेऊन दाखवला. विनंतीअर्ज पुष्कळ येतात. गणित सोडवून आणलेला अर्ज त्यांनी पहिल्यांदाच पाहिला!

आता एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मागं एका सप्टेंबरात सोयाबीन काढणीला आलं आणि पावसानं गाठलं. सकाळी बाटली पाहिली तर आकडा ७०! पण शेजारच्या छोट्या बाटलीत ४१. हे कसं? एक मुलगा खाली मान घालून उभा होता. मी जवळ घेतल्यावर हळूच म्हणाला, “सर, पासष्टच्या वर गेलं तर भरपाई मिळती म्हनं. आमचं समदं रान पाण्यात हाय.”

मुलांनो, त्याचं ऐकीव खोटं नव्हतं. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर त्याला अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीच्या पंचनाम्यात त्या आकड्याला मोल असतं. पण सरकार आकडा घेतं आपल्या यंत्राचा, शाळेच्या बाटलीचा नव्हे. मी त्याला रागावलो नाही. म्हणालो, “बाटलीत पाणी ओतून रान कोरडं होतं का रे? त्यापेक्षा तुझ्या रानातच एक बाटली लाव. तिथं खरंच किती पडतो ते बघू.”

त्यानं बाटली लावली. पुढच्या पावसात शाळेत ३६ मिलिमीटर झाला आणि दीड किलोमीटरवरच्या त्याच्या रानात ५८! पाऊस सगळीकडं सारखा पडत नाही, हे पुस्तकातलं वाक्य पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. एका मंडळात कितीतरी गावं असतात. एका ठिकाणच्या आकड्यावरून सगळ्या शिवारांचं दुःख मोजणं किती अवघड, हेही त्यांना समजलं. पण मला सगळ्यात मोठं वाटलं ते वेगळंच. ५८ आणि ६५ मध्ये अंतर किती? फक्त सात रेघा. रानात त्याला बघायला कुणी नव्हतं. तरी त्या पोरानं वहीत आपल्या हातानं ५८ लिहिलं.

विज्ञान म्हणजे याहून वेगळं काय असतं? आपल्याला हवा तो आकडा नाही, तर आहे तो आकडा लिहायचा.

मग मित्रांनो, यंदा बाटली लावणार ना? नांदेडच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या डी.एड.च्या मित्रानंही लावली आहे. एकाच दिवशी त्याच्याकडं किती आणि आमच्याकडं किती, हे आम्ही फोनवर ताडून पाहतो. तुमचे मामा, आत्या, मावशी दुसऱ्या गावी असतीलच. त्यांच्याशी अशी जोडी जमवा. आणि आई-बाबांनो, अंगणात पाण्याची बाटली दिसली तर कचरा म्हणून फेकू नका. साडेआठ वाजता पोरांबरोबर वाकून तिच्यातली रेघ बघा. घराच्या छताचं गणित मात्र तुम्हालाच सोडवावं लागेल!