गळा ओळखणारी पेटी

माझ्याकडे बरीच वर्षं ‘रॉजर्स’ने बनवलेल्या एलएस३/५ए स्पीकरची जोडी होती. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात माझा कान तयार झाला तो तिच्यासमोर बसून.

उंची जेमतेम फूटभर. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात ही पेटी स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी घडवली. गाडीत मोठे मॉनिटर स्पीकर मावत नाहीत, पण निवेदकाचा आवाज तर खरा ऐकू यायला हवा. म्हणून त्यांनी खोल खर्जाचा नाद सोडला आणि सगळं कसब माणसाच्या आवाजावर खर्ची घातलं.

पुढची जाळी काढली की ते कसब दिसायचं. केफ कंपनीचा पाच इंची वूफर, त्याचा कोन कागदाऐवजी बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा. ट्वीटरभोवती जाड फेल्टच्या पट्ट्या. पेटीच्या कडांवर आदळून आवाज फिसकटू नये म्हणून. भिंती बर्च प्लायच्या, फक्त १२ मिलिमीटर जाडीच्या, आतून डांबरी थर दिलेला. बोटाने टकटक केली तर घुमारा नाही, नुसतं ‘ठप्प’. लाकडाने स्वतः गाऊ नये, हा त्यामागचा हिशेब. संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, त्यामुळे ॲम्प्लिफायर दमदार लागायचा.

स्टँडवर, भिंतीपासून दूर, ट्वीटर कानाच्या रेषेत ठेवले की दोन पेट्यांच्या मधोमध गायक उभा राहायचा. क्षयाच्या दुखण्यानंतर कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं. त्यांच्या त्या छोट्या, झेपावणाऱ्या ताना मी आधीही ऐकल्या होत्या. पण दोन तानांमध्ये घेतलेला श्वास आणि त्या श्वासात ठरलेली पुढची जागा मला या जोडीवर पहिल्यांदा कळली. तानपुऱ्याची जवारी तारेतारेने सुटी ऐकू यायची. डग्गा मात्र अर्धाच पोचायचा. त्याची मला कधी चुटपुट लागली नाही. जे झेपत नाही त्याचा आव ही पेटी आणत नसे, म्हणून ती जे ऐकवी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येई.

पुढे ती जोडी एका तरुण ध्वनिमुद्रकाकडे गेली. तो रोज तिच्यावर काम करतो, याचा मला आनंद आहे. माझ्याकडे आता मोठे मॉनिटर आहेत, खर्जही भरपूर आहे. तरी मिक्सला बसलो की आधी गळा लावून घेतो. तो खरा वाटला की मगच तबल्याचा फेडर वर जातो.