जयची वाट

पवनी तालुक्यातील आमच्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहिले की उमरेड-कऱ्हांडल्याच्या अरण्याची निळसर रेघ दिसते. २०१३ साली नागझिऱ्याचा एक तरुण वाघ सुमारे शंभर किलोमीटरची वाट तुडवीत त्या अरण्यात आला. लोकांनी त्याला 'जय' म्हटले. प्रौढ नर आपल्या हद्दीत दुसरा नर सहसा सहन करीत नाही. तरुणाला घर सोडावेच लागते. नव्या जागी त्याला दाट झाडी हवी, पाणी हवे, आणि वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे हवीत: सांबर, चितळ, रानडुक्कर.

रानडुकरे! कापणीला आलेल्या धानाची एका रात्रीत ती काय दशा करतात, हे बांधीच्या धन्यालाच ठाऊक. एका हंगामात संतापून आम्हीही तारेचे वेटोळे विकत आणले होते. विजेच्या तारेवर आकडा टाकला की झाले, असे कोणीतरी सुचविले होते. ज्या तारेत डुक्कर मरेल, तिच्यात डुकराच्या मागे आलेला वाघही मरेल, हे आमच्या मनाला शिवलेदेखील नाही.

एप्रिल २०१६ मध्ये जयच्या गळपट्ट्याचे संदेश थांबले. पुढे तो कधीच सापडला नाही. २०१७ साली त्याचा बछडा श्रीनिवास नागभीडकडे शेताच्या विद्युत्‌भारित तारेने मेला. ते वृत्त वाचले त्या दिवशी आम्ही वेटोळे माळ्यावर टाकले. ते अजून तेथेच आहे. धान मात्र यंदाही डुकरांनी तुडविले.